दसऱ्याचा पहिला कागद

१

दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्या दुकानातला पहिला कागद काळा निघाला.

मशीनला झेंडूचा हार घातलेला, झाकणावर हळदकुंकू, समोर नारळ. माझ्या लवूनं नवा कागद सरकवला आणि एक मोठं 'श्री' छापायला सोडलं. मशीन गुरगुरलं, गरम झालं. कागद बाहेर आला तर 'श्री'च्या अंगावरून आडवे काळे पट्टे, शिडीच्या पायऱ्यांसारखे, वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरानं. दुसरा कागद तसाच. तिसरा आतच अडकला आणि पंख्यासारखा चुण्या पडून निघाला.

दुकान मुलुंडला, पाच रस्त्याजवळच्या गल्लीत. अठ्ठ्याऐंशी साल. तेव्हा झेरॉक्सची दुकानं पुष्कळ होती, पण हे मशीन वेगळं. कॉम्प्युटरला जोडलेलं लेझरचं, आमच्या बाजूला पहिलं. लवूनं बायकोचे दागिने गहाण ठेवून ते आणलं होतं. माझे नाही, माझे मी दिले नसते, आणि त्यानं मागितलेही नाहीत. तेवढी अक्कल त्याला आहे.

लवूनं मागचं झाकण उघडून आत बॅटरी मारली आणि खालीच बसला.

"आई, फ्यूजरचा रूळ गेला. ओरबाडलाय कोणी तरी. आता परदेशातून येईपर्यंत दुकान बंद. दिवाळीची सगळी कामं गेली."

फ्यूजर म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढं कळलं की लवूची मान जयाकडे वळली.

जया आमची ऑपरेटर. कळव्याहून यायची. घरी आई आणि पाठच्या दोन बहिणी, सगळ्या हिच्या पगारावर. दुकानाच्या किल्ल्या दोनच, एक लवूची, एक तिची. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दुपारी तिनंच मशीन पुसून कुलूप लावलं होतं, आणि त्याच सकाळी दिवाळीच्या रजेवरून दोघांची बाचाबाची झाली होती.

"रजा दिली नाही म्हणून हे?" लवू म्हणाला. "सरळ भांडायचंस ना. मशीननं काय केलं होतं तुझं?"

दारात आमचे हे उभे होते. धुतलेला सदरा, कपाळाला गंध. गिरणीत जन्म गेला त्यांचा, संपानंतर गिरणीच गेली, तेव्हापासून घरी. मशीन आलं त्या दिवशी लवूनं त्यांना सांगितलं होतं, बाबा, हे गिरणीतलं यंत्र नाही, लांबून बघा. ते लांबूनच बघत होते. त्यांचा चेहरा असा पडला की मीच म्हटलं, जरा बाहेर बसा.

जयानं पर्समधून किल्ली काढून नारळाच्या बाजूला ठेवली आणि चपला घातल्या.

"उद्या सगळ्या गल्लीला सांगणार मी," लवू म्हणाला. "मुलुंडात कोण ठेवतं तुला बघू."

तरीही गप्प. ही पोरगी केवढी बडबडी, तिला चहा प्यायलीस का विचारलं तर दुधापासून सुरुवात करते. तिच्यावर एवढा आळ आला आणि ती 'मी केलं नाही' एवढंही म्हणेना.

म्हणजे एक तर तिनंच केलं होतं, नाही तर कोणी केलं ते तिला माहीत होतं.

२

मशीनचा मेकॅनिक चंद्रप्रकाश दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या एमआयडीसीतून आला. मी आधीच दुकानात जाऊन बसले होते.

"आई, तू कशाला इथं?" लवू म्हणाला नाही, पण तोंडावर लिहिलं होतं. मी त्याला कागद मोजायला आतल्या खोलीत धाडलं.

"चंद्रप्रकाश," मी म्हटलं, "मला लहान पोरीला सांगतोस तसं सांग. आणि चहा थंड करू नकोस."

"बघा मावशी, कागदावर आधी काळी पूड बसते. टोनर. फुंकर मारली तर उडून जाईल अशी. मग कागद दोन रुळांमधून जातो. वरचा गरम, खालचा रबराचा. वरचा पूड वितळवतो, खालचा दाबतो. मग अक्षर पक्कं. ह्या जोडीलाच फ्यूजर म्हणतात."

"इस्त्रीसारखं."

"एकदम. आता इस्त्रीला कधी कधी कपडा चिकटतो ना? तशी थोडी पूड रुळाला चिकटते. ती काढली नाही तर पुढच्या कागदावर डाग. म्हणून ही पट्टी." त्यानं एक जाड लोकरीसारखी पट्टी काढून दाखवली. "हिच्यात खास तेल मुरवलेलं असतं. फिरत्या रुळाला ही पुसत राहते. टोनरचा नवा डबा आला की नवी पट्टी लावायची. बाकी जयाबाई रोज मशीन गार झालं की मऊ फडक्यानं रूळ पुसते. हलक्या हातानं. मी तिलाच शिकवलंय."

"मग हे पट्टे?"

त्यानं दसऱ्याचा तो कागद टेबलावर पसरला. "रुळावर लेप असतो, तपकिरी, काळपट. तव्याला असतो ना न चिकटणारा, तसा. लेप गेला की पूड तिथं चिकटून बसते आणि डाग उमटतो. नख लावायची बंदी आहे त्याला. आता इथं बघा, मशीनमध्ये कागद सोडवायचे पंजे असतात. ते घासून लेप गेला असता तर रेघा कागदावर उभ्या आल्या असत्या, लांबीत. रूळ गोल फिरतो ना. ह्या तर आडव्या. रूळ एक फेरा घेतो तेवढ्या अंतरानं पुन्हा त्याच. म्हणजे मशीननं नाही, माणसानं केलं. कोणी तरी धारेचं काही घेऊन रुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओढलंय. एकदा नाही, थोडा थोडा रूळ फिरवून, सगळीकडे. लेप गेला तिथं खालची चांदी चमकतेय. हा रूळ चमकला म्हणजे मेला."

"रागानं?"

चंद्रप्रकाश बिस्किट बुडवता बुडवता थांबला. "तेच कळत नाही. रागात माणूस एक दणका मारतो. ह्यानं स्क्रू सगळे परत लावलेत, घट्ट. आणि पट्टीचा वास घेऊन बघा."

मी नाकाला लावली. कपड्याच्या साबणाचा वास. आमच्याच घरातल्यासारखा, पण तो साबण मुलुंडात घरोघर होता.

"तेल सगळं धुऊन टाकलं, सुकवली आणि जागेवर ठेवली," तो म्हणाला. "जयाबाई असं करणार नाही. पट्टी धुवायची नसते हे तिला झोपेत विचारा."

मी कागद घडी घालून पिशवीत टाकला. ज्यानं मशीनची वाट लावली त्यानं आधी त्याला न्हाऊ घातलं होतं.

३

बाजूच्या गाळ्यात भीमराजचा जुना छापखाना. खिळे जुळवून लग्नपत्रिका छापायचा. लवूचं मशीन आल्यापासून त्याची गिऱ्हाइकं आमच्या दारात. त्यामुळे आमच्याकडे बघताना त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"तुम्ही येणारच होतात ना," तो म्हणाला. "म्हटलं, पहिला संशय माझ्यावर."

"दुसरा. पहिला जयावर. तू अजून मागेच आहेस."

तो हसला. मग एक स्टूल पुसून मला दिलं. "वहिनी, देवाशपथ सांगतो, ते मशीन मेलं ऐकलं तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. पण मला किल्ली कुठून येणार? कुलूप तर तुटलेलं नाही. आणि मी माझ्या मशीनची पूजा करत होतो, खंडेनवमीला, दुपारभर."

"दुपारभर इथं होतास?"

"होतो की. तुमच्या गाळ्यातही होतं कोणी. अर्धं शटर वर होतं."

मी स्टूल पुढे ओढलं. जया दुपारी कुलूप लावून गेली होती. लवू फुलं आणायला दादरला.

"कोण होतं?"

"बघितलं नाही. मी म्हटलं लवू असेल. पण..." त्यानं हात पुसले. "गुणगुणणं ऐकू येत होतं. भजनातला गजर. हळू, स्वतःशी, काम करताना माणूस म्हणतो तसा. आणि उदबत्तीचा वास. मला वाटलं, काय पोरगा आहे, मशीन घासतोय आणि देवाचं नाव घेतोय. जरा लाजच वाटली मला. मग माझंही मशीन मी पुन्हा एकदा पुसलं."

दुसऱ्याचं वाईट करायला आलेला माणूस उदबत्ती लावत नाही, आणि गजर तर नाहीच म्हणत. तेव्हाच माझ्या मनात एक नाव आलं. पण मी ते खाली दाबलं आणि कळव्याला गेले.

४

जयाच्या आईनं मला पाट दिला, पाणी दिलं, आणि तोंड फिरवून बसली. तिच्या जागी मी असते तर पाणीही दिलं नसतं.

"जया, बाहेर चल," मी म्हटलं. "तुझी किल्ली त्या दुपारी कोणाकडे होती?"

"माझ्याकडेच."

"खोटं बोलताना नाक खाजवतेस तू. पहिल्या दिवसापासून बघतेय."

तिनं हात खाली केला. नळाजवळ बायका हंडे लावून उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत राहिली.

"काकू, लवूदादानं मला काढलं ना. झालं. आता शोधू नका."

"झालं कसं? त्यानं गल्लीत सांगितलं तर तुला दारात कोण उभं करेल? ह्या दोघी पोरी काय खातील, तुझी इमानदारी?"

"करेन काही तरी."

"जया, मी काही तुझी लाडाची मावशी नाही. विचारते तेवढं सांग. ज्यानं केलं त्याला वाचवतेस का?"

तिचे डोळे भरले. "काकू, ज्यानं केलं त्यानं वाईट मनानं नाही केलं. मी सकाळी आले, तो कागद बघितला आणि मला कळलं. तोंडातून शब्द आला नाही. माझे बाबाही संपानंतर असेच भिंतीला टेकून बसायचे. दोन वर्षं बसले आणि गेले. त्यांना कोणी एक साधा स्क्रू आवळायला सांगितला असता ना..."

मी तिला आणखी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मला ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

५

घरी आले तेव्हा आमचे हे स्वयंपाकघरात चपात्या लाटत होते. गिरणी गेल्यापासून चपात्या त्यांच्याकडे. आधी मी हसायचे, मग सवय झाली. गोल लाटतात, माझ्यापेक्षा गोल.

"खय गेल्लंस गो?"

"देवळात."

"माका त्या मेल्याचा नाव कळूक व्हया," ते म्हणाले. दसऱ्यापासून त्यांचं हेच चाललं होतं. "मशीन नासवणारो माणूस नाय, राक्षस. अरे, यंत्राक हात लावताना पाया पडतंत. गिरणीत आम्ही भांडलो, संप केलो, पण साच्यावर दगड नाय मारलो कोणी."

"जयानं केलं म्हणतो लवू."

"ता पोर नाय करूचा. कोण तरी मागसून आत शिरलो आसतलो. नायतर असो कसो नासतलो रूळ? चांदीसारखो चमकत होतो."

मी हातातली परात खाली ठेवली.

तो रूळ मशीनच्या आत, दोन झाकणांच्या मागे. लवू सोडला तर जया आणि चंद्रप्रकाश, एवढ्यांनीच तो बघितलेला. आणि चांगला होता तेव्हा तो चांदीसारखा नव्हताच, तपकिरी होता. चमकला तो लेप गेल्यावर.

लाटण्याला कणीक चिकटली होती. त्यांनी सुरी घेतली, लाटणं डाव्या हातात आडवं धरलं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओढली. लाटणं जरा फिरवलं, पुन्हा ओढली. जरा फिरवलं, पुन्हा. तोंडानं हळूच गजर चालू.

लग्न झालं तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांचं खातं त्रासन, जिथं सूत कातलं जातं. तिथं रुळाला कापूस गुंडाळला की साचा, म्हणजे सुताचं यंत्र, अडतो. मग पितळेची आकडी घ्यायची आणि गुंडाळलेला कापूस असाच आडवा चिरून काढायचा. ह्यांच्यासारखा साफ रूळ अख्ख्या खात्यात कोणाचा नसे, असं त्यांचे सोबती म्हणायचे. आणि खंडेनवमीला साचा थांबला की ते घरून साबण घेऊन जात, मशीनची फडकी, पट्ट्या धुऊन वाळवून परत लावीत, मग उदबत्ती. संपानंतर सहा खंडेनवम्या कोरड्या गेल्या होत्या.

मी पिशवीतून तो काळा कागद काढला. पट्टे लाटण्यावर ओढलेल्या सुरीसारखेच सरळ होते.

"अहो," मी म्हटलं, "गॅस बंद करा."

६

माझी जीभ तिखट आहे हे साऱ्या चाळीला ठाऊक. त्या संध्याकाळी मी हळू आवाजात बोलले. खंडेनवमीला दुकानात तुम्हीच होतात, एवढं सांगितलं. कोणी तरी सांगायलाच हवं होतं, तिकडे एक पोरगी आपलं नाव घालवून गप्प बसली होती.

ते आधी हसले. "तुका कसा कळला? मी जयाकडून किल्ली घेतलंय, सकाळी परत दिलंय. म्हटलं, फुला ठेवतंय. तिका म्हटलंय लवूक सांगू नको, तेका मागसून कळांदे बापाचो हात. केवढो मळ होतो माहीत आसा, काळो, घट्ट. पट्टी तर बघवत नव्हती. मी सगळा..."

"अहो, तो मळ नव्हता. तो लेप होता. वरचा."

"कसलो लेप?"

"ते लोखंड नाही. त्याला नखही लावायचं नसतं. चमकला तेव्हाच तो गेला. पट्टीत तेल होतं, ते धुवायचं नसतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हातांकडे. सुरी अजून हातातच होती, ती त्यांनी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. पाणी प्यायले.

"म्हणजे कोण मागसून शिरूक नाय," ते म्हणाले.

"नाही."

"मीच."

मी मान हलवली. ते भिंतीला टेकून बसले. मला वाटलं रडतील. रडले असते तर बरं झालं असतं.

"लवूला मी समजावते," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत नव्हतं, चांगल्या मनानं केलं. पोटचा पोर आहे, दोन दिवस चिडेल. जयाला उद्याच बोलावून घेऊ."

"नको." ते उठले, सदरा घातला. "मी सांगतंय. तू फक्त गप रव. आयुष्यात एकदा गप रव."

दुकानात लवू आणि चंद्रप्रकाश परदेशी रुळाचं बोलत होते. हे उंबऱ्यात उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही.

"लवू, जयेक परत बोलव. ता तिना केला नाय. मी केलंय."

लवू हसला. "बाबा, काहीतरी काय? तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

त्या शब्दावर मी ह्यांच्याकडे बघितलं. कान लाल झाले होते.

"सगळा कळता," ते म्हणाले. "रूळ कसो साफ करूचो, कसो नासवूचो, सगळा. तीस वर्सा ह्याच केलंय. मुद्दाम नासवलंय. तू माका लांबसून बघ म्हणालंस. राग इलो. म्हणान."

चंद्रप्रकाशनं मान खाली घातली. त्यानं ती धुतलेली पट्टी बघितली होती. त्याला कळलं असावं, पण तो शहाणा, परक्याच्या घरात बोलला नाही.

लवूचं तोंड पांढरं पडलं. "मुद्दाम? बाबा, माझ्या बायकोचे दागिने आहेत त्यात."

"माहीत आसा."

"आई, हे खरं आहे?"

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, साडी घे, हे कर, ते दे, असं मीच मागत आले. बापानं अडाणीपणानं मशीन घालवलं असं पोरानं म्हणण्यापेक्षा बाप वाईट आहे असं म्हटलेलं त्यांना चाललं. वाईट माणूस व्हायला ते तयार होते, वाईट कामगार नाही.

"खरं आहे," मी म्हटलं.

जया दुसऱ्या दिवशी कामावर आली. लवूनं सगळ्या गल्लीसमोर तिची माफी मागितली, हे त्याचं मला आवडलं. ती एकदा माझ्याकडे बघून काही म्हणायला गेली, मी डोळ्यांनीच तिला थांबवलं. नवा रूळ आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. बापाशी लवू बोलला नाही. ते गेले तोवर नाही. खांदा दिला, सगळं रीतसर केलं, पण बोलला नाही.

कबुलीच्या त्या संध्याकाळी दुकानातून आम्ही दोघं चालत निघालो. एरवी ते पुढे आणि मी मागे. त्या दिवशी ते माझ्या बरोबरीनं चालत होते, हळू. चौकात थांबले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं.

"सुगंधा, गिरणीत माझ्या हातसून कधी रूळ खराब झाल्लो?"

मी जन्मात गिरणीच्या फाटकाच्या आत गेले नव्हते. त्यांचा साचा कसा दिसत होता तेही मला माहीत नाही.

"कधीच नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आणि रस्ता ओलांडायला माझा हात धरला.